‘ती’ गोळी आणि दारू, जेवण, बाकीची औषधं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेडिकलच्या काउंटरवर हा विषय कधी सरळ येत नाही. गिऱ्हाईक आधी तापाची गोळी मागतं, मग खोकल्याचं औषध. मागचा माणूस निघून गेला की आवाज खाली आणून विचारतं, “ती आहे का?” ती म्हणजे लिंगाच्या ताठरतेसाठीची गोळी, व्हायग्रा किंवा तिच्या घराण्यातली. रात्री मोबाइलवर मात्र तेच प्रश्न मोकळेपणाने येतात. परत परत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. डोस ठरवणं डॉक्टरांचं काम. कोणती गोळी कशाशी भांडते ते सांगणं माझं. ही औषधं चिठ्ठीवरच द्यायची असतात, आणि का, ते पुढे वाचताना कळेलच.

१. व्हायग्रा, सिल्डेनाफिल, टाडालाफिल हे सगळं एकच का?

व्हायग्रा हे ब्रँडचं नाव, सिल्डेनाफिल हे आतल्या औषधाचं. टाडालाफिल हा त्याचा चुलतभाऊ. वार्डेनाफिल आणि अ‍ॅव्हानाफिल त्याच घराण्यातले, पण आपल्याकडे खप पहिल्या दोघांचा.

उत्तेजना आली की लिंगातल्या नसांमधून नायट्रिक ऑक्साईड सुटतं. त्यामुळे सीजीएमपी नावाचा पदार्थ तयार होतो, रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्त भरतं. पीडीई-५ नावाचं एन्झाइम हा सीजीएमपी मोडून टाकतं, आणि गोळी त्या एन्झाइमला अडवते. मोरीचं उदाहरण घ्या: नळ उत्तेजनेने सुटतो, गोळी फक्त मोरीला बोळा लावते. म्हणून गोळी खाऊन नुसतं टीव्हीसमोर बसलात तर काही होत नाही. हा नळ आणि बोळा लक्षात ठेवा, प्रश्न ५ मध्ये परत लागणार आहे.

फरक मुख्यतः वेळेचा. सिल्डेनाफिलची रक्तातली मात्रा ३-४ तासांत निम्मी होते, टाडालाफिलची साधारण साडेसतरा तासांत. टाडालाफिलचा असर ३६ तासांपर्यंत राहू शकतो. आज रात्री घेतलेली गोळी उद्या संध्याकाळीही अंगात असते, हे पुष्कळांच्या गावीही नसतं.

२. गोळी जेवून घ्यायची की उपाशीपोटी?

टाडालाफिलला जेवणाने फरक पडत नाही. सिल्डेनाफिलला पडतो, आणि तोही तेला-तुपाच्या जेवणाने. भरपूर स्निग्ध जेवणावर घेतली तर रक्तातली सर्वांत वरची पातळी गाठायला सुमारे तासभर उशीर होतो आणि ती पातळीही २९ टक्क्यांनी कमी राहते. वार्डेनाफिलचंही साधारण असंच.

लग्नाच्या वाढदिवसाला हॉटेलात मटण थाळी, वर दोन वाट्या तांबडा-पांढरा रस्सा, घरी येऊन गोळी, आणि अर्ध्या तासाने मला मेसेज: “गोळी डुप्लिकेट दिली काय?” गोळी खरी असते, पण रश्शाच्या तवंगाखाली अडकलेली असते. पुरणपोळी-तूप काय, उपवासाची दाण्याच्या कुटातली साबुदाणा खिचडी काय, पोटाच्या हिशेबी दोन्ही जडच. हलकं जेवण, दोनेक तासांनी गोळी, मग तासभर धीर. अर्ध्या तासात काही झालं नाही म्हणून दुसरी घेऊ नका. सिल्डेनाफिल दिवसातून एकदाच घ्यायची असते.

३. एक-दोन पेग घेतले तर चालतं का?

एखादा पेग बहुतेक निरोगी माणसांना चालतो. सिल्डेनाफिल ५० मिलिग्रॅम आणि बेताची दारू निरोगी लोकांना एकत्र देऊन पाहिली, तेव्हा रक्तदाब जास्तीचा घसरला नाही. गडबड मात्रेची आहे. दारूही रक्तवाहिन्या सैल करते आणि गोळीही. दोघी मिळून दाब खाली ओढतात, आणि माणूस खाटेवरून उठताना भिंत शोधतो.

टाडालाफिलची एक चाचणी मी गिऱ्हाइकांना आवर्जून सांगतो, कारण ती आपल्या मापात चपखल बसते. ८० किलोच्या माणसासाठी १८० मिलिलिटरच्या आसपास व्होडका दहा मिनिटांत आणि सोबत २० मिलिग्रॅमची गोळी. काही जणांचा दाब उभं राहताच घसरला, चक्कर आली. १८० मिलिलिटर म्हणजे आपली एक क्वार्टर. त्या लोकांचं वजन ८० धरलं होतं. तुमचं ६० असेल तर हिशेब त्याहून लवकर भरतो. शिवाय आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, त्या व्होडकात ४० होतं. टाडालाफिलच्या माहितीपत्रकात पाच किंवा जास्त ड्रिंक्सबद्दल इशारा आहे तो यासाठीच. अमेरिकेतलं ड्रिंक मात्र आपल्या ६० मिलिलिटरच्या पेगपेक्षा लहान असतं. आपले साधारण साडेतीन पेग झाले की त्यांचे पाच भरले.

आणखी एक गोष्ट बारमध्ये कुणी सांगत नाही. जास्त दारूने ताठरता स्वतःहूनच जाते. म्हणजे गोळीला लढायचंय ते तुम्ही नुकतंच प्यायलेल्या ग्लासाशी. आणि वर्षानुवर्षं पिऊन लिव्हर खराब झालं असेल तर सिल्डेनाफिल अंगातून लवकर निघत नाही. सिऱ्होसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं) असलेल्यांमध्ये त्याचं रक्तातलं एकूण प्रमाण ८४ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं आहे. अशा माणसाला डॉक्टर २५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करायला सांगतात.

४. बिअर किंवा फेणी तर हलकी असते ना?

स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली ८ टक्क्यांची असेल तर तिच्यात ६० मिलिलिटरच्या दोन पेगांइतकं अल्कोहोल असतं. काजूची फेणी ताकदीने व्हिस्कीच्या रांगेतली. उन्हाळ्यातला हुर्राक त्याहून सौम्य, पण तो ग्लासाने प्यायला जातो, पेगाने नाही. नाव बघू नका, मिलिलिटर आणि टक्के बघा. बाकी प्रश्न ३ प्रमाणेच.

५. हृदयाची औषधं चालू आहेत. नक्की कोणती चालत नाहीत?

नायट्रेट. डोस कमी करून चालेल, अर्धी घेऊन चालेल, असं इथे काहीही नाही. एकत्र घ्यायचीच नाहीत.

चिठ्ठीवर शोधायची नावं: आयसोसॉर्बाईड डायनायट्रेट (जिभेखालची सॉर्बिट्रेट ती हीच), आयसोसॉर्बाईड मोनोनायट्रेट, नायट्रोग्लिसरीन, मग ते गोळी, स्प्रे, मलम किंवा चिकटपट्टी कुठल्याही रूपात असो. यादीत निकोरँडिलही धरा. नावात नायट्रेट नसलं तरी त्याचं अर्धं काम नायट्रेटचंच आहे. आपल्याकडे ते बरंच लिहिलं जातं आणि नेमकं तेच सुटतं.

आता तो नळ आठवा. नायट्रेट म्हणजे पूर्ण सोडलेला नळ, गोळी म्हणजे बोळा. सीजीएमपी साचत जातो, अंगभरच्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात आणि दाब इतका कोसळतो की हृदयाला आणि मेंदूला रक्त पुरत नाही. गंमत अशी की इंग्लंडमधल्या सँडविच गावी फायझरच्या प्रयोगशाळेत सिल्डेनाफिलवर काम सुरू झालं ते छातीतल्या कळेसाठीच. कळेवर फारसं चाललं नाही, भलतीकडेच चाललं. १९९८ मध्ये त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली, आणि त्याच वर्षी नायट्रिक ऑक्साईडच्या शोधाला नोबेल.

एक प्रसंग सांगतो. पन्नाशीतले एक गृहस्थ ‘हंड्रेडची’, म्हणजे १०० मिलिग्रॅमची, मागायला आले. बीपी नाही, शुगर नाही, काही नाही म्हणाले. पैसे द्यायला पाकीट उघडलं, तर नोटांच्या मागे कात्रीने कापलेला गोळ्यांच्या पत्त्याचा (स्ट्रिपचा) चतकोर तुकडा, आत चार गोळ्या. “हे काय?” “ते होय, छातीत भरून आलं तर जिभेखाली धरायला दिलंय.” त्यांच्या लेखी ते औषधच नव्हतं. रोज घ्यायचं ते औषध, पाकिटात असतं ते सोबतीला. मी गोळी दिली नाही. रागावून गेले.

६. गोळी घेतली होती आणि छातीत दुखायला लागलं. सॉर्बिट्रेट धरू का?

नाही. जे चाललंय ते थांबवा, बसा, १०८ ला फोन लावा. घरच्यांना किंवा अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याला हे वाक्य सांगा: “मी सिल्डेनाफिल (किंवा टाडालाफिल) इतक्या वाजता घेतली आहे.” आपल्याकडे छातीवर हात गेला की शेजारचे काका स्वतःची सॉर्बिट्रेट आणून तोंडात घालतात. हेतू चांगला असतो, म्हणून त्यांना आधी सांगायला हवं.

सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टाडालाफिलनंतर किमान ४८ तास नायट्रेट देत नाहीत. त्यानंतरही देतात ते दवाखान्यात, दाबावर लक्ष ठेवून. हृदयविकाराच्या झटक्यावर इतर उपचार आहेत. नायट्रेट वगळूनही डॉक्टरांच्या हातात बरंच काही उरतं. पण बायको आणि मेहुणा बाजूला उभे आहेत म्हणून तुम्ही गोळीचं नाव गिळलंत, तर ते त्यांना कसं कळणार? लाज वाटली तर डॉक्टरांना म्हणा, “जरा यांना बाहेर थांबायला सांगा.” रोज असंख्य लोक हे म्हणतात.

७. स्टेंट टाकून दोन वर्षं झाली. चालेल का?

स्टेंट हा अडथळा नाही, नायट्रेट हा अडथळा. चालू यादीत प्रश्न ५ मधलं काही नसेल आणि दोन जिने न थांबता, छातीत न दुखता चढता येत असतील, तर हृदयाचे डॉक्टर बहुधा हो म्हणतील. पण विचारायचं त्यांनाच. झटका येऊन सहा महिने झाले नसतील, दाब ९०/५० च्या खाली किंवा १७०/११० च्या वर असेल, तर सिल्डेनाफिलचा विचार नको. अ‍ॅस्पिरिनशी तिचं भांडण नाही.

८. बीपीची गोळी रोज सकाळी घेतो. ती बंद करून ही घेऊ?

बंद अजिबात करू नका. अ‍ॅम्लोडिपिन घेणाऱ्यांना सिल्डेनाफिल १०० दिली तेव्हा दाब आणखी सरासरी ८/७ ने उतरला. बहुतेकांना तो पेलतो. टेल्मिसार्टन, मेटोप्रोलॉल वगैरेंबरोबरही साधारण असंच. अपवाद आहे तो अल्फा ब्लॉकरचा. प्राझोसिन बीपीसाठी दिलेली असेल तर प्रश्न ९ वाचा.

९. प्रोस्टेटची गोळी चालू आहे, टॅम्सुलोसिन. सोबत चालेल का?

टॅम्सुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन, प्राझोसिन, डॉक्साझोसिन ही सगळी अल्फा ब्लॉकर. लघवीची वाट सैल करतात, आणि कमी-जास्त प्रमाणात रक्तवाहिन्याही. टॅम्सुलोसिन त्यातलं बरंच सौम्य. डॉक्साझोसिन आणि प्राझोसिन दाब जास्त पाडतात. नियम सोपा आहे: आधी अल्फा ब्लॉकर अंगवळणी पडू द्यायचं, मग ही गोळी सर्वांत कमी डोसने सुरू करायची, म्हणजे सिल्डेनाफिल असेल तर २५. दोन्ही एकाच दिवशी नव्याने सुरू करायच्या नाहीत.

इथला खरा सापळा वेगळाच आहे. टाडालाफिल ५ मिलिग्रॅम रोज एक, ही प्रोस्टेटवरचीही मान्य गोळी आहे. मूत्ररोगतज्ज्ञांनी ती त्यासाठी लिहिलेली असते, आणि माणूस शनिवारी वेगळ्या दुकानातून सिल्डेनाफिल आणतो. त्याच्या मते एक लघवीची, एक ‘त्याची’. प्रत्यक्षात एकाच घराण्यातल्या दोन गोळ्या एकाच दिवशी. असं करायचं नाही. पत्त्याच्या मागचं बारीक अक्षर वाचा, चष्मा लावून.

१०. शुगर आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराईड चालू आहेत.

या गोळ्यांशी थेट भांडण नाही. भांडण होतं ते आपण केलेल्या बेताशी. प्रश्न २ वाचून कुणीतरी ठरवतो: आज रात्री जेवायचंच नाही, म्हणजे गोळी लवकर लागेल. मूड यावा म्हणून दोन पेग. ग्लिमेपिराईड नेहमीप्रमाणे घेतलेली. आता पोटात अन्न नाही, ग्लिमेपिराईड साखर खाली ओढतेय आणि दारूने लिव्हरचं साखर सोडण्याचं काम मंदावलंय. घाम, थरथर, डोकं गरगरणं. माणूस समजतो गोळीचा असर, बायको समजते दारू चढली, आणि साखर खाली जातच राहते. असं झालं तर आधी साखरेचं पाणी द्या, ग्लुकोमीटर असेल तर तपासा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही ओतू नका.

११. गजकर्णावर दोन महिन्यांचा कोर्स चालू आहे. आणि अँटिबायोटिकचं काय?

हा प्रश्न गेल्या काही वर्षांत फार वाढलाय. गजकर्णावर इट्राकोनाझोल सर्रास दिलं जातं. लिव्हरमधलं सीवायपी३ए४ नावाचं एन्झाइम ही गोळी मोडून बाहेर काढतं, आणि इट्राकोनाझोल त्यालाच गप्प बसवतं. गोळी अंगात साचते. नेहमीची ५० ची गोळी, पण डोकेदुखी, तोंड लाल, सगळं निळसर दिसणं, चक्कर. अशा वेळी सिल्डेनाफिल २५ ने सुरू करतात, आणि टाडालाफिल ७२ तासांत १० पेक्षा जास्त देत नाहीत. कोर्स संपला म्हणजे लगेच मोकळीक नाही. इट्राकोनाझोल अंगातून जायला आठवडा-दोन आठवडे लागतात. गजकर्णावर टर्बिनाफिन चालू असेल तर ही भानगड नाही.

अँटिबायोटिकमध्ये क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन याच वर्गातली. एरिथ्रोमायसिनबरोबर सिल्डेनाफिलचं प्रमाण पावणेतीन पटीच्या वर गेलेलं मोजलं आहे. त्यांचंच भावंड अ‍ॅझिथ्रोमायसिन मात्र निरुपद्रवी. नावं सारखी वाटतात म्हणून घोटाळा होतो.

१२. टीबीची औषधं सुरू झाल्यापासून गोळी लागतच नाही.

प्रश्न ११ च्या बरोबर उलट. रिफाम्पिसिन त्याच एन्झाइमला जोर चढवतं, गोळी लागायच्या आधीच मोडली जाते. टाडालाफिलचं प्रमाण ८८ टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे. फिट्सवरची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन ही याच जातीची. म्हणून मनाने तीन-तीन गोळ्या घेऊ नका आणि टीबीचा कोर्स तर मुळीच मोडू नका. तो संपल्यावर साधारण दोन आठवड्यांनी एन्झाइम मूळपदावर येतं. तेव्हा जुनाच डोस पुरतो, वाढवलेला जड जातो.

१३. एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) चालू आहे. सेंटरवर विचारायला अवघड वाटतं.

तिथे हा प्रश्न नवा नाही, खरंच विचारा. डोल्युटेग्राविरवाली गोळी असेल तर अडचण नाही. रिटोनाविर असलेली असेल (अ‍ॅटाझानाविर किंवा लोपिनाविरच्या जोडीने) तर सिल्डेनाफिलचं प्रमाण अकरा पट होतं. २५ ची गोळी पावणेतीनशेसारखी वागते. मर्यादा: ४८ तासांत २५, त्याहून जास्त नाही.

१४. ‘टायमिंग’साठी दोन औषधं एकत्र असलेली गोळी मिळते, ती कशी?

त्यातलं एक सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल, दुसरं डॅपॉक्सेटिन, शीघ्रपतनावरचं. त्यानेही उभं राहताना दाब घसरून भोवळ येऊ शकते. म्हणजे एकाच गोळीत दोघे चक्कर आणणारे. तिच्यावर दारू नकोच. प्रश्न ३ मधली एका पेगची सवलत इथे लागू नाही. डिप्रेशनच्या गोळ्या किंवा दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल घेणाऱ्यांना डॅपॉक्सेटिन चालत नाही. प्रश्न ११ मधल्या इट्राकोनाझोलबरोबरही नाही.

१५. फळांचं काय? संत्री-मोसंबी बंद करायची का?

इशारा आहे तो ग्रेपफ्रूटचा. आतड्यातल्या सीवायपी३ए४ ला तो दाबतो, सिल्डेनाफिलचं प्रमाण थोडं वाढतं आणि मुख्य म्हणजे अंदाज चुकतो. आपल्याकडे ग्रेपफ्रूट क्वचित, पण त्याचं जवळचं नातलग पपनस गणपतीच्या सुमाराला बाजारात येतं. गोळीच्या दिवशी त्यालाही सुट्टी द्या. नागपुरी संत्रं खुशाल खा.

१६. बीट आणि पालकातही नायट्रेट असतं म्हणे. मग तेही विष?

हुशार प्रश्न, एका निवृत्त शिक्षकांनी पाठवलेला. भाजीतलं नायट्रेट तोंडातल्या जिवाणूंमार्फत हळूहळू आणि थोडं थोडं बदलतं. जिभेखालच्या गोळीसारखा दणका ते देत नाही. बिटाची कोशिंबीर चालते. जिममध्ये मिळणाऱ्या बीटच्या आणि आर्जिनीनच्या पावडरी डब्याने घेत असाल तर हात आवरा, दाब त्याही थोडा उतरवतात.

१७. मी फक्त आयुर्वेदिक घेतो. त्याला कसली भीती?

अश्वगंधा, सफेद मुसळी यांच्याबद्दल मी बोलत नाही. मी बोलतोय तासाभरात ‘हमखास’ लागणाऱ्या पुडीबद्दल. मुळी-पाल्याने तासाभरात असं काही होत नाही. अशा ‘हर्बल’ मालात सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल गुपचूप मिसळलेलं जगभर वारंवार सापडलं आहे. डब्यावर नाव नाही, डोस किती माहीत नाही, आणि पाकिटात सॉर्बिट्रेट. दवाखान्यात जायची वेळ आली तर ती पुडी किंवा डबी सोबत न्या, रिकामी असली तरी.

१८. पार्टीत बाटलीतून हुंगायला देतात, ते पॉपर्स?

ते अमाइल नायट्राइट किंवा त्याच्या भाईबंदांपैकी. हुंगलं तरी काम नायट्रेटचंच, प्रश्न ५ जसाच्या तसा लागू. हे विचारणारे बहुतेक पंचविशी-तिशीतले, हृदय ठणठणीत असलेले. पण दाब कोसळायला हृदय आधीपासून आजारी असावं लागत नाही.

१९. गोळीनंतर ताठरता जातच नाही, किती वेळ थांबायचं?

चार तास. त्यानंतर बर्फ, थंड पाणी, झोप हे सगळं सोडून सरळ कॅज्युअल्टी. उशीर झाला तर आतल्या पेशी कायमच्या बिघडतात. झोपेसाठी किंवा डिप्रेशनसाठी ट्रॅझोडोन घेणाऱ्यांनी विशेष लक्ष ठेवा, त्या औषधाने एकट्यानेही हे होऊ शकतं. एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं किंवा कानाला ऐकू येईनासं झालं, तर चार तासही थांबायचं नाही.

२०. उद्या दाढ काढायची आहे, आज रात्री गोळी घेतली तर?

भुलीच्या इंजेक्शनला अडचण नाही. दाताच्या डॉक्टरांना एवढं सांगा की घेतली आहे आणि कधी. खुर्चीवरून उठताना सावकाश उठा.